अध्यक्षांच्या मापाची बांगडी

अक्का,

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेत असतानाही उमगलं नाही, आणि चौथीनंतर शाळाच राहिली नाही. जिथं अडेल तिथं अंदाजानं वाचा. कागदही धड नाही. बांगड्यांच्या खोक्यात तळाला घालून येतो तो हा, काचेच्या चुरीनं खरखरीत झालेला. रागावू नका. आजवर मी पत्रं लिहिली ती तिसगावच्या बहिणीला, आम्ही खुशाल, तुम्ही खुशाल असावे, एवढीच. गेलेल्या माणसाला काय लिहायचं असतं ते मला माहीत नाही. तुमची खुशाली विचारायची तरी कशी?

परवा नगरपालिकेच्या अंगणात तुमची शोकसभा झाली. मी आले होते. लिंबाच्या झाडामागं उभी होते. अध्यक्ष बोलले, चांगलं बोलले. गोदाअक्का म्हणजे आमच्या सभागृहाची आई, असं म्हणाले. माझ्या कानात तुम्ही लगेच बोललात, "आई म्हनतो, आन् आईला बोलू देत न्हाई." मला हसू आलं. शोकसभेत हसणारी बाई म्हणून कोणी बघितलं असेल तर बघू दे. मला कोणी बोला म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तर मी घरी पळाले असते. म्हणून हे लिहिते आहे.

तुम्ही निवडणुकीला उभ्या राहिलात तेव्हा पॅनेलवाल्यांना वाटलं होतं, विधवा बाई आहे, सांगू तिथं सही करील आणि गप्प बसेल. तुम्ही सही करायच्या आधी प्रत्येक कागद मोठ्यांदा वाचायला लागलात. सभा दुपारची सुरू झाली की दिवे लागेपर्यंत चालायची. आमचे हे म्हणायचे, "अक्कांनी नगरपालिकेचा घासलेटचा खर्च वाढवला." तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "उजेडात तरी बसत्यात की."

बाजाराच्या दिवशी तुम्ही आमच्या दुकानाच्या फळीवर येऊन बसायचात. तुम्हाला बांगड्या घ्यायच्या नव्हत्या. पण वॉर्डातल्या सगळ्या बायका हात भरायला तिथं येतात, आणि हात कासारणीच्या हातात अडकला की बाई जागची हलत नाही, बोलते. तुम्ही म्हणायचात, तुझं दुकान म्हणजे माझी कचेरी.

ती गोष्टही तिथंच निघाली. तिचं नाव लिहितानाही मला अजून लाज वाटते. तुम्ही ते भर सभेत घेतलंत.

आपल्या बायका पहाटे ओढ्याकडे जात. घाणेरीची झुडपं होती, एरंड होते, बाभळी होत्या, पलीकडं उसाचा मळा. बाईमाणसाला आडोसा होता. दुष्काळात ओढा आटला, ऊस वाळला, बाभळी लोकांनी शेरडांना आणि चुलीला तोडून नेल्या. सगळं रान उघडं पडलं. त्यातच खडी फोडायच्या कामावर जाणाऱ्यांची वाट त्याच बाजूनं पडली, आणि दिवस उगवायच्या आत माणसांची ये-जा सुरू झाली. माणूस दिसला की बसलेल्या बायका लाजेनं अर्ध्यातूनच उठून उभ्या राहत. बायका दिवसभर पाणी पिईनात. पाणी नव्हतंच म्हणा, पण होतं तेही पिईनात. एक पोटुशी पोरगी चक्कर येऊन आमच्या पायरीवर बसली. मी तांब्या पुढं केला तर म्हणाली, "नको मावशी. मग जाऊ कुठं?"

तुम्ही फळीवर होता. पोरगी गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "ह्ये कधीपास्नं चाललंय?"

"लई दिवस झाले."

"आन् मला कुनी सांगितलं का न्हाई?"

"कसं सांगायचं, अक्का?"

"तोंडानं," तुम्ही म्हणालात.

पुढच्या सभेत तुम्ही बायकांच्या संडासाचा ठराव मांडलात. टोपलीचा नको, खड्ड्याचा पाहिजे, असंही म्हणालात. आमची घाण दुसऱ्या बाईनं डोक्यावर न्यायची आणि आम्ही आमच्यापुरती अब्रू मागायची, हे जमायचं नाही. मेंबर हसले. एकजण म्हणाला, "अक्का, गाव प्यायच्या पाण्याला तरसतंय, आन् तुमी त्याच्या फुडचं बोलताय." सगळी सभा हसली. तुम्ही दुकानात येऊन त्या एकेकाच्या हसण्याची नक्कल करून दाखवलीत. एक पोट धरून हसला, एक तपकिरीच्या रुमालात हसला. आम्हीही हसलो. पण तुमच्या मानेची शीर उडत होती, ती मी बघत होते.

मग तुम्ही म्हणालात, "चंद्रे, तीन डझन बांगड्या काढ. मोठ्या मापाच्या."

"कुनासाठी?"

"अध्यक्षांसाठी. आन् हसल्याले जेवढे हायत तेवढ्यांसाठी. परवा सभेत आहेर करते."

बायकांना उकळ्या फुटल्या. एक म्हणाली, "अध्यक्षांचं मनगट म्हंजी मुसळ. चढायची न्हाई." दुसरी म्हणाली, "चढंल. कासारीन साबन लावंल." तुम्ही पदर सरसावून हात माझ्यापुढं केलात. "माझा हात बाप्यावानी हाय. माझ्यावर माप घे."

अक्का, मी रोज हात धरते. लुसलुशीत धरते, राबणारे धरते, खडीनं फुटलेले धरते. तुमचा कधी धरला नव्हता. तुमचे मालक अण्णा गेले तेव्हापासून त्या हाताला काच लागली नव्हती. मी तुमचा अंगठा आत दुमडला, तळवा दाबला, आणि बांगडी सरकवली. हिरवी होती. हाडावरून गेली आणि मनगटावर बसली. बायकांचं हसणं थांबलं. आणि तुम्ही, बांगडी भरून झाल्यावर कोणतीही बाई करते तसा, मला वाकून नमस्कार केलात. सवयीनं. इतक्या वर्षांनी हाताला ती सवय होती. मग तुमचं तुम्हाला कळलं, आणि तुम्ही म्हणालात, "बसली की. काढ."

मला म्हणायचं होतं, राहू द्या अक्का, एक राहू द्या. ओठापर्यंत आलं होतं. चार बायका बघत होत्या. मी उतरवली.

ती बांगडी मी तीन डझनांत घातली नाही. आमच्या सासूबाईंची रीत आहे, डझनावर एक वरची द्यायची. तुमची वरची मी ठेवून घेतली, खुंटीला अडकवली. अजून तिथंच आहे. गिऱ्हाइकं विचारतात, मी म्हणते मापाची नाही.

बाकीच्या मोजून दिल्या तेव्हा माझं तोंड पडलं होतं. तुम्ही ते बघितलंत, पण घाईत होता.

सभेत काय झालं ते गावानं चघळून चघळून सांगितलं. तुम्ही बांगड्या टेबलावर मांडल्यात. अध्यक्षांनी एक उचलली, उजेडाकडं धरून फिरवली, आणि म्हणाले, "वा. आमच्या मंडळीला होतील. अक्का, दुष्काळात एवढा खर्च कशाला केला?" आणि आपल्या वाट्याच्या सगळ्या खिशात घातल्या. मग बाकीच्यांनीही आपापल्या उचलल्या. हसत हसत सभा संपली. दुसऱ्या दिवशी दोन मेंबरांच्या घरून त्याच बांगड्या दुकानात बदलून मागायला आल्या, मोठ्या होतात म्हणून. ह्यांनी बदलून दिल्या. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

तुम्ही त्या दिवशी दिवे लागायच्या वेळी आलात. दुकानात कोणी नव्हतं. कमरेची पिशवी सोडलीत आणि साडेचार रुपये काढायला लागलात. मी म्हटलं, असू द्या. ज्या बांगड्यांनी तुमचं हसं झालं त्यांचे पैसे मला घेववेनात. आतून हे ओरडले, "मेंबरांची उधारी म्हंजी वाऱ्यावरची वरात. घे ते पैसे."

मला धरणी दुभंगावी असं झालं. तुम्ही मात्र खूष झालात. पैसे पिशवीत परत घातलेत आणि आतल्या बाजूला तोंड करून म्हणालात, "आता तर येकदम देतच न्हाई. दर बाजाराला चार आने. मेंबर उधारी फेडताना कसा दिसतो ते गावाला बघू दे." आणि पहिले चार आणे फळीवर ठेवलेत.

मग मला विचारलंत, "तू तोंड पाडून का मोजल्या बांगड्या?"

"काय न्हाई."

"चंद्रे, मी मेंबर हाय. काय न्हाई म्हननारी मानसं मला रोज भेटत्यात. बोल."

मी खाली बघून बोलले. तुमच्याकडं बघून बोलता आलं नसतं. "बांगडी म्हंजी भित्र्याचं लक्षन, असं तुमीच म्हनायला लागल्या, तर मी दिवसभर बायांच्या हातात भरते तरी काय?"

तुम्ही पिशवीची नाडी आवळलीत. मग म्हणालात, "तुझं खरं आसंल. पन बाप्याला जिथं टोचतं तिथंच टोचावं लागतं."

टोचलं कुठं, खिशात घालून गेले की, हे उत्तर मला तिथंच सुचलं होतं. तुमचा उतरलेला चेहरा बघून गिळलं. दुसरंच म्हणाले. "लाज आनायची तर बांगडीची कशाला? आमाला पहाटं जी वाटती ती वाटू द्या त्यांना."

"म्हंजी कसं?"

"मला काय ठावं. मेंबर तुमी."

तुम्ही हसलात. फळीवरून उठताना गुडघ्याला हात लावलात आणि म्हणालात, "सभेत चल माझ्यासंगं. माझ्यापरीस बरी बोलतीस." मी म्हटलं, नको बाई. त्यावर आपलं भांडण झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुमचं म्हणणं, बोलता येतं त्या बाईनं गप्प बसणं म्हणजे भरल्या रांजणावर झाकण ठेवणं. माझं म्हणणं, काही माणसं झाकणाखालीच बरी असतात.

पुढच्या सभेची गोष्ट मी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की मी तिथं होते असंच वाटतं. अध्यक्ष म्हणाले, जागेची पाहणी झाल्याशिवाय ठराव कसा करायचा, कमिटी नेमू. त्यांना वाटलं कमिटी नेमली की वर्ष निघून जातं. तुम्ही म्हणालात, "नेमा. तुमी सोता, चीफसाहेब आन् बांधकामाचा ओव्हरशेर. पाहनी उद्या पहाटं, दिवस उगवायच्या आत."

"पहाटे कशाला? दुपारी जाऊ."

"दुपारी तिथं काय दिसनार? माळ. जागा कशाला पायजे त्ये पहाटंच दिसतं. मी समद्या बायांना सांगून ठेवते, सायबलोक पाहनीला येनार हायत, कुनी उठू नगा."

तुम्ही सांगायचात, तेव्हा अध्यक्ष पुढ्यातले कागद सारखे करायला लागले. तपकीरवाल्यानं रुमाल खिशात घातला. कोणी कोणाकडं बघेना. शेवटी चीफसाहेब म्हणाले की ती जागा त्यांच्या माहितीतली आहे, पाहणीची गरज नाही. ठराव झाला, खड्ड्याच्या संडासाचा.

बाहेर येताना अध्यक्षांनी विचारलं, "अक्का, ही अक्कल कुणाची?" तुम्ही सांगितलंत, "माझ्या वॉर्डातल्या एका बाईची. नाव सांगनार न्हाई, लाजती ती." मी तुमच्यावर चिडले, एवढं तरी कशाला सांगितलंत म्हणून. खरं सांगू? त्या दिवशी मी दोनदा आरशात बघितलं.

चार खोल्या झाल्या, पत्र्याची दारं, भोवती पुरुषभर उंचीची दगडी भिंत. उद्घाटनाला नारळ फोडायचा होता. गावात कुजबुज होती की विधवेनं फोडू नये. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुम्ही मला म्हणालात, "नारळ तू फोडायचा. कुजबुजनाऱ्यांसाठी न्हाई. काम तुझ्या बोलन्यानं झालंय म्हनून." मी मान हलवली. अक्का, मी खरंच येणार होते. ठेवणीतलं लुगडं नेसले. कोपऱ्यापर्यंत आले. तिथून खुर्च्या दिसल्या, खुर्च्यांवर टोप्या दिसल्या, आणि तुम्ही दिसलात, हातात नारळ घेऊन, आमच्या गल्लीकडं बघत. अध्यक्ष घड्याळ बघत होते. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. माझे पाय पुढं जाईनात. थोड्या वेळानं अध्यक्षांनीच तुमच्या हातातून नारळ घेतला आणि फोडला.

पाटी बसली ती त्यांच्या नावाची. तुम्ही त्यात "व इतर सभासद" आहात. मी रोज पहाटे ती पाटी वाचते. चौथीपर्यंत शिकले नसते तर बरं झालं असतं.

पुढच्या बाजाराला तुम्ही आलात, फळीवर बसलात, चार आणे ठेवलेत. मी वाट बघत होते की तुम्ही रागवाल. तुम्ही विचारलंत, "भेंडी काय भाव दिली गं आज?" मला अजून वाटतं, त्या दिवशी दोन शिव्या दिल्या असत्या तर मी तुमचे पाय धरून रडले असते आणि मोकळी झाले असते. तुम्ही मला भेंडीचा भाव सांगायला लावलात.

चार चार आणे फिटत आले. मध्ये कधी सभा असायची, कधी नगरला खेटे, मग एखादा बाजार चुकायचा. मला बरं वाटायचं. एकदा तुम्ही रुपया काढलात तर मी मोड नाही म्हणाले. गल्ल्यात मोड होती. एवढं खोटं मी तुमच्याशी बोलले आहे.

मग दोन बाजार तुम्ही लागोपाठ आला नाहीत. बायका म्हणाल्या, अक्कांना कावीळ झाली आहे, घरीच आहेत, औषध चालू आहे. तुमचं घर आमच्या दुकानापासून किती लांब? मारुतीच्या पाराला वळसा घातला की आलं. मी दोनदा चपला घातल्या. हेही म्हणाले, जाऊन ये. पण आपल्याकडं कासारीण उधारीवाल्याच्या दारात उभी राहिली की सगळी गल्ली म्हणते, पैसे मागायला आली. आजारी बाईच्या दारात मी तगादा घेऊन आले, असं कोणी म्हणालं असतं तर तुमच्या मेंबरकीला बट्टा लागला असता. मी असा विचार केला. आठ आणे राहिले होते. ते फिटेपर्यंत मी तुमच्या दारात येऊ शकत नव्हते, आणि तुम्ही उठल्याशिवाय ते फिटणार नव्हते. तुम्ही उठाल असं धरूनच चालले. तिसऱ्या बाजाराच्या सकाळी भाजीवाल्यांनी पाट्या उचलल्या आणि म्हणाले, आज बाजार नाही, अक्का गेल्या.

मी मनात तुमच्याशी भांडते. तुम्ही निरोप का नाही पाठवला, चंद्रे ये म्हणून? मग माझी मीच गप्प होते. तुम्ही सभेत बोलावलं तेव्हा मी आले नाही, नारळाला बोलावलं तेव्हा आले नाही. तिसऱ्यांदा कोण बोलावतं?

आज सकाळी तुमचा दिनकर आला. देवळालीच्या शाळेतून रजा काढून आलाय, चौदावा झाला की जाणार. डोक्यावर नुसते खुंट आहेत, तुमच्यासारखाच दिसतो. फळीवर बसला नाही, उभाच राहिला. आठ आणे पुढं केले.

मी म्हटलं, "राहू दे रे बाबा. मला नकोत."

"नको म्हणू नका मावशी. आईनं दोनदा सांगितलंय." मग तो खाली बघून म्हणाला, "मी तिला म्हणालो होतो, साडेचार रुपयांसाठी कशाला दर आठवड्याला जातेस, मी देऊन टाकतो. तर म्हणाली, चंद्राचे पैसे एकदम फेडू नको. फिटले की ती मला बस म्हणायची नाही, लाजते. आणि मी तरी काय निमित्त काढून जाऊ? माझ्या हाताला बांगड्या लागत नाहीत."

अक्का, मी मोड नाही म्हणत होते, आणि तुम्हीही तेच करत होता. आपण दोघी चार आण्यांच्या आडोशाला बसत होतो.

मला ते आठ आणे घ्यायचे नव्हते. ते राहिले असते तर तुमचं काहीतरी माझ्याकडं यायचं आहे असं मला म्हणता आलं असतं. मी हात मागं घेतला होता. पण दुकानात तीन बायका हात भरायला बसल्या होत्या, पायरीवर पानवाला होता, आणि आत हे होते. सगळे बघत होते. आणि मला आठवलं, तुम्ही कोणाला दाखवण्यासाठी ही उधारी अशी फेडत होता.

मी पैसे घेतले. उठून उभी राहिले. त्या कोपऱ्यावर चिकटले होते तशी भिंतीला चिकटले नाही, फळीच्या कडेला आले. आणि बोलले. रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा बोलले, आतून हे बाहेर आले एवढ्या मोठ्यांदा. म्हटलं, "अक्कांचे साडेचार रुपये आज पुरे मिळाले. मेंबराकडं माझं काही येणं राहिलं नाही."